सहा फुटी खाऱ्या टाकीत एंजल आणि बटरफ्लाय: कोण कोणाबरोबर नांदेल?

निपाणी_खारंपाणी

नमस्कार मंडळी, निपाणीहून लिहितोय. गेल्या गणपतीत समुद्री माशांसाठी सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी मांडली. काठोकाठ धरली तर ६८० लिटर, खाली दीडशे लिटरचा संप, म्हणजे गाळणी-पंपांची दुसरी टाकी. फेसातून घाण काढणारा स्किमर आहे, पाणी फिरवणारे दोन पॉवरहेड आहेत. स्टँड बेळगावात उद्यमबागेतून चौकोनी पाइपचा करून घेतला. आत दगड सगळा कोरडा घेतलेला, तोच आता पाण्यात मुरून हिरवट-तपकिरी झालाय. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १५ च्या आसपास, खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५. पोवळं ठेवलेलं नाही आणि ठेवायचंही नाही.

सध्या आत क्लाउनची जोडी, पिवळ्या शेपटीचे तीन डॅमसेल आणि एक काळा डॉमिनो डॅमसेल आहे. पण ही टाकी मी घेतली ती एंजल आणि बटरफ्लायसाठी. मनात यादी अशी आहे: एम्परर एंजल, कोरान एंजल, फ्लेम, कोरल ब्युटी, आणि बटरफ्लायमध्ये कॉपरबँड, रकून, मेलन, हेनिओकस. दुकानदार म्हणतोय की सगळे लहान असतानाच एकदम सोडा, एकत्र वाढले की भांडत नाहीत. मला ते काही पटेना.

म्हणून विचारतोय: यातले कोण एकमेकांबरोबर नांदतील? आधी कुणाला सोडायचं? आणि मेलन बटरफ्लाय जमेल का? कारण दुकानात तोच सगळ्यात देखणा दिसतोय आणि मुलीनं त्याच्यावरच बोट ठेवलंय. जरा सविस्तर सांगा की, घाई नाही. मासे मागवायचे ते उन्हाळ्याआधी की नंतर, हेही ठरायचंय.

शहापूर_बेळगाव

निपाणीकर दादा, टाकी छान मांडली आहे. दुकानदाराचं ऐकून सगळं एकदम उचललं नाहीत हे फार बरं केलंत. आठांची यादी पाचावर आणावी लागेल, पण त्या पाचांना तुमच्याकडे सुखानं राहता येईल.

सगळ्यात आधी मेलनवर काट मारा. मुलीला वाईट वाटेल, पण मारा. आपल्याकडे मेलन म्हणून मिळतो तो कीटोडॉन ट्रायफॅसिएटस, हिंदी महासागरातला. तो जिवंत पोवळ्याचे पॉलिप खाऊन जगतो, दुसरं काही पोटभर खातच नाही. दुकानात तरतरीत दिसतो, दगडावर टोचाही मारतो, आणि तरी हळूहळू वाळत जातो. पोवळं खाऊ घालू म्हणाल तर तेही नाही, कारण दगडी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढलेलं पोवळं किंवा त्याचा दगड घरात ठेवणं हा गुन्हा आहे. तुम्ही कोरडा दगड घेतलात, तेच योग्य. मेयर, शेव्हरॉन, ऑर्नेट हे बटरफ्लायही याच पंगतीतले. कुणी कितीही स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नका. हे मासे समुद्रातच राहिले पाहिजेत.

आता मोठे एंजल. एम्परर आणि कोरान या दोघांचं कूळ एकच, पोमाकँथस. दुकानात दोन-अडीच इंचांची पिल्लं मिळतात. दोन्ही गडद निळी, एम्पररच्या अंगावर पांढरी वलयं आणि कोरानच्या अंगावर वाकलेल्या पांढऱ्या रेघा. पिल्लांचा रंग मोठ्यांपेक्षा इतका वेगळा का, तर मोठ्या माशानं त्यांना आपल्या हद्दीतला वैरी समजू नये म्हणून, असं अभ्यासक मानतात. पण दोन पिल्लं समोरासमोर आली की ही सोय संपते. एक दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून ठेवतो आणि दाबलेला मासा खाणं सोडतो. त्यामुळे ‘एकत्र वाढले की भांडत नाहीत’ हे या कुळाला लागू नाही.

शिवाय आकार बघा. एम्परर ४० सेंटिमीटरपर्यंत जातो. तुमच्या टाकीची रुंदी ६० सेंटिमीटर, त्यातली निम्मी दगडानं खाल्लेली. एवढ्या माशाला तिथं सरळ वळताही येणार नाही. कोरानही साधारण तेवढाच होतो. माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत.

त्याऐवजी एक मासा सुचवते, ज्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. इंडियन यलोटेल, शास्त्रीय नाव अपोलेमिक्थिस झँथुरस. राखी अंग, काळपट पर आणि लखलखीत पिवळी शेपटी. भारत आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावरचाच मासा. १५ सेंटिमीटरवर थांबतो. चेन्नईच्या बाजूनं येणारा असेल तर त्याचा प्रवासही कमी झालेला असतो, आणि प्रवास कमी म्हणजे मासा कमी थकलेला. भडक रंगाच्या एम्पररशेजारी दुकानात तो फिका वाटतो. घरी स्वच्छ पाण्यात, संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर दगडांमधून फिरायला लागला की नजर त्याच्यावरच राहते.

बुटक्या एंजलमध्ये फ्लेम आणि कोरल ब्युटी दोन्ही सेंट्रोपायजी कुळातले, दोघे साधारण १० सेंटिमीटरचे. एकच घ्या. फ्लेम पॅसिफिकमधून येतो, म्हणून महाग. कोरल ब्युटी स्वस्त आणि चिवट. तुमच्या दगडावर जो हिरवट-तपकिरी थर आलाय, तो खरवडत दिवसभर फिरेल. नव्या कोऱ्या टाकीत हे मासे उपाशी राहतात. तुमची टाकी आता त्यांच्यासाठी तयार झाली आहे.

बटरफ्लायमध्ये रकून उत्तम. दणकट, खायला हावरा, आणि दगडावर एप्टेशिया (तणासारखा पसरणारा समुद्रफुलासारखा जीव) उगवला असेल तर तोही साफ करतो. त्याची एक खोड सांगून ठेवते, तो रात्रीही फिरतो. त्याच्याबरोबर ऑरिगा म्हणजे थ्रेडफिन चालेल. रंगरूप वेगळं असल्यामुळे दोघांचं सहसा पटतं, मात्र दोघांना एकाच दिवशी सोडा.

हेनिओकसमध्ये गोंधळ असतो. एकसारखे दिसणारे दोन मासे एकाच नावानं विकतात. डायफ्र्यूटीस थव्यानं राहतो, पाण्यात तरंगतं ते टिपतो आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. अ‍ॅक्युमिनॅटस मोठा होतो, २५ सेंटिमीटरपर्यंत, आणि त्याचं तोंड जरा जास्त लांब असतं. तुमच्या टाकीत डायफ्र्यूटीसच बरा, पण तो एकटा ठेवणं बरं नाही आणि तिघांना जागा नाही. म्हणून मी हेनिओकस सोडूनच देईन. आणि दुकानात हेनिओकससारखाच काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, पाठीवर लांब तुरा असलेला मूरिश आयडॉल दिसला तर फसू नका. तो बटरफ्लाय नाहीच, त्याचं कूळ वेगळं आहे आणि त्याला खायला लावणं महाकठीण.

राहिला कॉपरबँड. याच्याबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण हा मासा मला फार प्रिय आहे आणि सगळ्यात जास्त हकनाक मरणारा मासाही हाच.

कॉपरबँडचं तोंड चिमट्यासारखं लांब आणि निमुळतं. दगडाच्या फटीतले किडे, नळीतले कृमी असं वेचून खाण्यासाठी ते घडलेलं आहे. वरून दाणे टाकले तर त्याला ते अन्न वाटतच नाही. मी कॅम्पातल्या मासळी बाजारातून तिसऱ्या आणते. सुरीनं उघडायच्या, आरओच्या पाण्यात धुवायच्या, शिंपलीचा एक अर्धा भाग गरासकट फ्रीझरमध्ये. देताना तो अर्धा भाग दगडाच्या फटीत तिरका अडकवते. कॉपरबँड आधी लांबूनच थांबतो. मग अंग एका बाजूला कलवतो आणि एकाच डोळ्यानं त्या शिंपलीकडे बघत राहतो. पुढे येतो, मागे जातो. मग एकदम ते निमुळतं तोंड शिंपलीच्या कडेला घालतो, गराचा तंतू ओढतो आणि झटक्यात मागे होतो. पहिला घास घेतला की दुसऱ्यासाठी तो लगेच परत येतो. दोन-चार दिवसांत शिंपलीवर थोडे कोळंबीचे तुकडे ठेवले तर तेही उचलतो, आणि तिथून पुढे चमच्यानं सोडलेलं खाणं खाऊ लागतो. हे सगळं तो शांत असेल तरच होतं. शेजारी दांडगा मासा असेल तर तो शिंपलीपर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: बटरफ्लाय आधी, एंजल नंतर. बटरफ्लाय लाजरे असतात, त्यांना घर ओळखीचं व्हायला वेळ द्या. एंजल उशिरा आला तरी स्वतःची जागा करून घेतो.

आणि शेवटचं, पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात मासा खाताना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘सकाळीच खाल्लंय’ हे उत्तर घेऊ नका. समोर उभं राहून खायला टाकायला सांगा. डोळ्यांच्या वर, पाठ जिथं सुरू होते तिथं मांस भरलेलं हवं. तो भाग धारेसारखा झालेला असेल तर मासा बरेच दिवस उपाशी आहे. कल्ले भराभर हलत असतील, एकाच बाजूचा कल्ला उघडत असेल, तरी नको.

खानापूर_जांबोटी

काकू म्हणताय ते सगळं बरोबर हाय, फक्त एम्परर बद्दल थोडं माझं पण ऐका.

मी एम्परर आणलो तेव्हा तो तीन इंचाचा होता. सहा फुटी टाकीतच ठेवलो. आता वीतभर झालाय, वलयं जाऊन पिवळ्या-निळ्या रेघा यायला लागल्यात. तो रंग बदलताना बघणं म्हणजे काय सांगू, रोज सकाळी उठून आधी त्याच्याकडेच जातो. पण तो वाढणार हे धरूनच मी आठ बाय तीन फुटांच्या टाकीचे पैसे पहिल्यापासून बाजूला टाकत आलो. काच सांगून ठेवलोय, दसऱ्यापर्यंत मांडणार. म्हणजे ज्याची मोठ्या टाकीची तयारी हाय त्यानं जरूर ठेवावा. ज्याला सहा फुटीवरच थांबायचं हाय त्यानं काकूंचं ऐकावं.

माझ्याकडे त्याच्याबरोबर ऑरिगा आणि रकून दोन्ही हाईत. मारामारी नाही. पण खायच्या वेळेला एम्परर सगळ्यांच्या पुढं. म्हणून मी टाकीच्या दोन टोकांना एकदम टाकतो. एका टोकाला त्याला नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा कागद क्लिपला लावून देतो, तो तिकडं फाडत बसला की दुसऱ्या टोकाला बटरफ्लाय निवांत खातात. ही युक्ती तुमच्या यलोटेललाबी चालेल.

दुसरं, पाण्याचं. माझं गोव्याला जाणं येणं असतं. चोर्ला मार्गे येताना दिवाळीपासून मेपर्यंत समुद्राचं पाणी कॅनमधून भरून आणतो. नदीच्या मुखापासून लांब, खडकाळ किनाऱ्यावरनं, भरतीच्या वेळेला. घरी आणून अंधारात ठेवतो, गाळ खाली बसला की गाळून, तपासून वापरतो. पावसाळ्यात मात्र एक थेंब आणत नाही. मांडवी, जुवारी भरून वाहत असतात, किनाऱ्याचं पाणी पातळ होतं आणि गढूळ पण. तेव्हा मिठाचं पाकीट.

निपाणी_खारंपाणी

काकू, दादा, मनापासून आभार. मेलन गेला. मुलीला रकूनचा फोटो दाखवला, डोळ्यावरची काळी पट्टी बघून तिनं तो लगेच आपला म्हणून टाकला. एम्परर आणि कोरान दोन्ही काढले. आठ फुटी टाकी आमच्या सोप्यात बसणार नाही.

आता नव्या अडचणी. एक, आमच्या घरात मांस-मच्छी चालत नाही. आई जुन्या वळणाची आहे. टाकीतले मासे तिला फार आवडतात, संध्याकाळी समोर खुर्ची टाकून बसते, पण स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये तिसऱ्या ठेवणं शक्य नाही. दोन, मासे मला रात्रीच्या बसनं पार्सल येणार, दहा-बारा तास पिशवीत. उतरवून घेतल्यावर नेमकं काय करू? तीन, पाणी आमचं बोअरचं. मी घरचंच पिण्याचं आरओ वापरतोय, त्यावर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ४० दाखवतंय. चालेल? आणि चार, सफेद ठिपक्यांचा रोग सगळे सांगतात, त्याची भीती वाटते.

चिकोडीकर

रोगाचं मी सांगतो, कारण काका-काकू बाकीचं सांगतीलच.

सफेद ठिपका म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. ठिपका दिसतो तेव्हा तो परजीवी माशाच्या कातडीत असतो. काही दिवसांनी तो गळून तळाला जातो, कोष करतो, आणि त्या एका कोषातून शेकडो पिल्लं बाहेर पडून पुन्हा मासा शोधतात. म्हणून ठिपके नाहीसे झाले की रोग बरा झाला असं समजू नका, तो तळात बसलेला असतो. मोठ्या टाकीत एकदा शिरला तर सगळे मासे बाहेर काढून टाकी ७६ दिवस माशांविना ठेवायची, हाच खात्रीचा मार्ग मानतात. तो त्रास नको असेल तर वेगळी क्वारंटाइन टाकी हवीच.

तीन फुटी साधी टाकी घ्या. तळाला वाळू नको, दगड नको. पीव्हीसी पाइपचे चार इंची तुकडे लपायला ठेवा, एक स्पंज फिल्टर, एक हीटर. स्पंज आधी काही आठवडे तुमच्या संपमध्ये टाकून ठेवा म्हणजे त्यात जिवाणू तयार असतील. प्रत्येक नवा मासा चार ते सहा आठवडे इथंच.

औषधाबाबत एंजल आणि बटरफ्लाय दोन्ही नाजूक. तांब्याचं औषध ठिपक्यांवर चालतं, पण मात्रा जरा वर गेली की बुटके एंजल खाणं सोडतात, आणि खाली आली की परजीवी वाचतो. तांब्याची टेस्ट किट नसेल तर ते औषध हातात धरू नका. दगड किंवा वाळू असली की तांबं शोषलं जातं आणि मात्रा कळत नाही, म्हणूनच टाकी रिकामी ठेवायची. दुसरा मार्ग खारटपणा उतरवण्याचा. दोन दिवसांत हळूहळू १.००९ वर आणायचा आणि शेवटचा ठिपका गेल्यानंतरही चार आठवडे तिथंच ठेवायचा. हे माशांना सोसतं. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तरंगणाऱ्या काट्याच्या मापावर हे करू नका, रिफ्रॅक्टोमीटरच पाहिजे. आणि मखमली रोग, म्हणजे अंगावर पिवळसर भुकटी टाकल्यासारखा दिसतो तो, यानं बरा होत नाही. त्याला तांबंच.

बटरफ्लायच्या अंगावर आणखी एक गोष्ट येते, चपटे कृमी. मासा अंग घासतो, डोळे धुरकट होतात, ठिपका मात्र दिसत नाही. त्यावर प्राझिक्वान्टेल. मी प्रत्येक बटरफ्लायला रोग दिसो न दिसो, हे क्वारंटाइनमध्ये देतोच.

दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारा क्लीनर रास मासा ठेवला की रोग होत नाही असं कुणी सांगेल. घेऊ नका. तो बिचारा स्वतःच टाकीत उपाशी मरतो.

शहापूर_बेळगाव

चिकोडीकरांनी रोगाचं नेमकं सांगितलं, त्यात माझी भर नको. बाकीचे प्रश्न घेते.

पिशवीचं आधी, कारण इथं चांगल्या माणसांच्या हातून चांगले मासे जातात. बंद पिशवीत मासा श्वास सोडत असतो, त्यामुळे पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच खाली उतरतो. त्याच पाण्यात अमोनियाही साठलेला असतो, पण पीएच कमी असेपर्यंत तो फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया जहाल होतो. अशा वेळी नळीनं थेंब-थेंब पाणी सोडत तासभर मासा त्याच पाण्यात ठेवणं म्हणजे त्याला विषात ठेवणं. लांबच्या पार्सलला असं करा: आदल्या दिवशी दुकानदाराला फोन करून त्यांच्या पाण्याचा खारटपणा विचारा. बरेच ठिकाणी तो १.०१८ ते १.०२० ठेवतात. तुमची क्वारंटाइन टाकी नेमकी त्याच आकड्यावर आणून ठेवा. पार्सल आलं की बंद पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान जुळेल. मग पिशवी कापा, खारटपणा एकदा मोजून खात्री करा, आणि मासा डब्यात धरून थेट टाकीत. पिशवीचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. दिवे त्या दिवशी बंदच. पुढे आठवडाभरात खारटपणा हळूहळू १.०२५ ला न्या. खारटपणा उतरवणं माशाला लवकर सोसतं, चढवणं सोसायला वेळ लागतो.

पिण्याच्या आरओमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो. चव राहावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. शिवाय निपाणी-चिकोडी पट्ट्यात सगळा ऊस, खताचा नायट्रेट बोअरमध्ये उतरतो. तुमचा नायट्रेट १५ वर अडकलाय, त्याचं मूळ तिथंही असू शकतं. एकदा नुसत्या आरओच्या पाण्याला नायट्रेटची टेस्ट लावून बघा. कंट्रोलर पूर्ण बंद करून घ्या, मिनरलचं काडतूस असेल तर काढा, आणि शेवटी डीआय रेझिनचं, म्हणजे उरलेले क्षार शोषणारं, एक भांडं जोडा. टीडीएस शून्य यायला पाहिजे.

आईंचा मान राखायलाच हवा. मी हे सुचवते: टाकीजवळच्या खोलीत लहान डीप फ्रीझर, फक्त माशांच्या खाण्यासाठी. कापणं-धुणं घरात नकोच. तयार गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि कोळंबीचे चौकोनी तुकडे बंद पाकिटात मिळतात. त्यांना वास कमी, हात लावावा लागत नाही. एंजलच्या पोटात वनस्पतीचा भाग बराच लागतो, तो तुम्ही घरात खुशाल ठेवू शकता: नोरीचे कागद, बिनमसाल्याचे आणि बिनतेलाचे, आणि स्पिरुलिनाचे दाणे. यलोटेल, कोरल ब्युटी आणि रकून एवढ्यावर छान राहतील. दिवसातून दोन-तीनदा थोडं-थोडं द्या, कारण हे मासे समुद्रात दिवसभर चरत असतात. एकदाच भरपूर टाकलं तर पोटही भरत नाही आणि पाणीही बिघडतं.

यामुळे कॉपरबँडचा निर्णय तुमच्यावर सोडते. त्याला पहिले काही आठवडे शिंपलीतली तिसरीच लागते, आणि ती उघडणं, धुणं आलंच. बाहेर कुणाकडे सोय होत असेल तर ठीक. नसेल तर त्याच्या जागी पिवळा लाँगनोज, फॉर्सिपायजर घ्या. लांब तोंड त्यालाही आहे, पण मायसिस तो बऱ्यापैकी लवकर धरतो. त्याच्या शेपटीजवळ खालच्या परावर काळा ठिपका असतो. शत्रूला तो डोळा वाटावा आणि खरा डोळा काळ्या रंगात दडून राहावा, अशी ती रचना. मुलीला दाखवा, तिला हे आवडेल.

उन्हाळ्याचं: तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चढतो आणि वळवाचा पाऊस आला की वीज जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यात पंप बंद, म्हणजे दोन्हीकडून मार. संपवर दोन पंखे लावा. पाणी उडेल, ते भरून काढताना आरओचंच टाका, खारं नाही, कारण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. एक पॉवरहेड इन्व्हर्टरवर जोडून टाका. तेवढ्यानं पाण्याचा पृष्ठभाग हलत राहिला तरी मासे तग धरतात. थंडीत उलट, रात्री घर गार पडतं. एका मोठ्या हीटरपेक्षा दोन लहान बरे, एक अडकून चालूच राहिला तरी टाकी उकळत नाही.

मी तुमच्या जागी असते तर मासे पहिला पाऊस पडून हवा गार झाली की मागवले असते. तोपर्यंत क्वारंटाइन टाकी आणि आरओचं काम उरकता येईल.

खानापूर_जांबोटी

काकू, लाँगनोजला माझा दुजोरा. माझ्या भावाकडे हाय, रकूनबरोबर. रकून जरा पुढं पुढं करतो, पण लाँगनोज फटीतनं आपलं काढून खातो, कमी पडत नाही.

आणि निपाणीकर, बटरफ्लाय रात्री बघून घाबरू नका. माझा ऑरिगा दिवे गेले की काळपट पडतो, अंगावर डाग आल्यासारखं दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला रोग वाटतो. सकाळी दिवे लागले की थोड्या वेळात पूर्ववत पांढरा.

निपाणी_खारंपाणी

ठरलं तर मग. रकून आणि ऑरिगा एकाच दिवशी, त्यानंतर लाँगनोज, मग कोरल ब्युटी, सगळ्यात शेवटी यलोटेल. प्रत्येकाची पाळी क्वारंटाइनमधून. फ्रीझरचं आईला विचारलं. टाकीमागच्या खोलीत चालेल म्हणाली, फक्त त्यावर दुसरं काही ठेवायचं नाही आणि देवघराच्या भिंतीला टेकवायचा नाही.

आरओवाल्याला बोलावलं होतं, कंट्रोलर बंद केल्यावर ४० चा ११ झाला. डीआय अजून यायचाय. नायट्रेटची टेस्ट नुसत्या आरओच्या पाण्याला लावली तर त्यातच रंग आला, काकू म्हणाल्या तसंच.

आता एकच राहिलं. डॉमिनो डॅमसेल. तो आता मोठा झालाय, दगडाच्या डाव्या बाजूला कुणाला येऊ देत नाही, माझ्या हाताला पण चावतो. बाकीच्या माशांबरोबर राहील का?

शहापूर_बेळगाव

नाही राहणार. डॉमिनो १४ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसेंदिवस हट्टी होतो. नवा बटरफ्लाय त्याच्या बाजूला गेला की पर फाडेल. पिवळ्या शेपटीचे तिघे आणि क्लाउनची जोडी राहू दे, ते आपापल्या कोपऱ्यात असतात. डॉमिनोला मात्र बटरफ्लाय यायच्या आधी बाहेर काढा.

जाळीनं दिवसा पकडायला जाऊ नका, सगळी मांडणी विस्कटेल. रात्री दिवे जाऊन दोन तास झाले की तो त्याच्या ठरलेल्या फटीत झोपतो. लाल कागद लावलेल्या बॅटरीनं फट बघून ठेवा. तो दगड हळूच आतल्या आत बादलीत घ्या, पाण्याखालीच, आणि बादलीसकट वर काढा. दगड परत ठेवताना मांडणी थोडी बदला, म्हणजे नव्या माशांना सगळ्यांबरोबर सारखीच नवी जागा मिळेल. दुकानदार परत घेत नसेल तर खानापूरच्या दादांना विचारा, त्यांच्या आठ फुटीत एम्पररसमोर डॉमिनोचं काही चालणार नाही.

खानापूर_जांबोटी

पाठवून द्या की. तशीच एखादी रिकामी बादली झाकणाची घ्या, बॅटरीवरचा एअर पंप लावा. मी संकेश्वरला येणारच हाय बाजाराच्या दिवशी, तिथं घेतो.